पोरं आजीकडे, आपण इमॅजिकात!

मुलांना आजी-आजोबांकडे सोपवून दोघांनीच कुठे जायचं असेल, तर खोपोलीचं इमॅजिका थीम पार्क बघा. २०१३ साली सुरू झालेलं, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेपासून जवळ, आणि नोव्होटेल हॉटेल पार्कला लागूनच. मुक्काम तिथेच करा, परतीच्या ट्रॅफिकची कटकट नको.

जमलं तर शुक्रवारची रजा टाका. गेट उघडलं की थेट नायट्रो गाठा. ही फ्लोअरलेस कोस्टर; बसलात की पायाखालची जमीन सरकते (अक्षरशः!) आणि पाय अधांतरी. मग पाच वेळा उलटंपालटं. पहिल्या ओळीसाठी रांग लांब असली तरी थांबा. समोर फक्त रूळ नि आभाळ. मग डीप स्पेस, अंधारातली कोस्टर, वळण कुठून येतंय कळतच नाही. भरपेट नाश्ता या दोन्हींनंतरच. स्लिपर घालून तर मुळीच जाऊ नका.

पावसाळ्यात डोंगर हिरवेगार, पण जोराचा पाऊस किंवा विजा असल्या की उघड्यावरच्या राइड्स थांबतात. तेवढ्यात आय फॉर इंडिया या छताखालच्या राइडमध्ये शिरा. इमॅजिकाचं वॉटर पार्क दुसऱ्या दिवशी ठेवा; दोन्ही एकाच दिवसात कोंबलंत तर धड काहीच होत नाही.