भीमगीत यंत्राने रचले तर?

कोल्हार (जि. अहिल्यानगर) : १४ एप्रिल जवळ आला की प्रवराकाठच्या आमच्या कोल्हारात विहाराच्या ओट्यावर तीच चर्चा सुरू होते. वर्गणी किती जमली? मिरवणुकीला वाद्य कोणते? गायन पार्टी कुठली सांगायची? अलीकडे या चर्चेत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. तरुण पोरे म्हणतात, ‘‘गायन पार्टीवर खर्च कशाला? मोबाईलवर विषय सांगितला की एआय मिनिटभरात गाणे लिहून, चाल लावून, गाऊनसुद्धा देते!’’ जाणती मंडळी यावर नाराज होतात. पण नाराजी कशाची, हे त्यांना नीट सांगता येत नाही. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे आम्हांला अगत्याचे वाटते.

हे यंत्र करते तरी काय?

एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि मजकूर लिहिणारे यंत्र सर्वांच्या हाती पडले. पाठोपाठ सुनो, युडिओ अशी गाणी तयार करणारी यंत्रे आली. माणसांनी लिहिलेला व गायिलेला प्रचंड साठा त्यांना पुरविलेला असतो. कोणत्या शब्दामागून बहुधा कोणता शब्द येतो, कोणत्या सुरामागून कोणता सूर, याचा हिशेब करून यंत्र रचना जुळवते. म्हणजे त्याच्या कणगीतले धान्य माणसांनीच पिकविलेले आहे!

ते धान्य विचारून घेतले काय, हा वाद न्यायालयांत गेला आहे. जून २०२४ मध्ये अमेरिकेतील बड्या रेकॉर्ड कंपन्यांनी सुनो व युडिओवर दावे लावले. त्यांतले काही पुढे तडजोडीने मिटले. नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. बड्या कंपन्या वकील देऊ शकतात. आमच्या शाहिरांनी कोणाकडे जावे? राबायचे एकाने आणि पीक न्यायचे दुसऱ्याने, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. महार वतनाच्या त्या वेठीविरुद्धच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते.

यंत्र हा शत्रू नव्हे

म्हणून यंत्रच फेकून द्यावे काय? तशी शिकवण बाबासाहेबांची नाही. काँग्रेस आणि गांधीजी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, याची झडती घेणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी यंत्रविरोधी विचाराचा कडक समाचार घेतला आहे. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते, आणि फुरसतीशिवाय सुसंस्कृत जीवन नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दोष यंत्राचा नसून, त्याचा लाभ मूठभरांच्या पदरात टाकणाऱ्या समाजरचनेचा आहे, हे त्यांनी दाखवून दिले. तेव्हा आम्ही विचारायचे ते एवढेच, की या यंत्राचा लाभ कोणाला आणि तोटा कोणाला? एप्रिलच्या कार्यक्रमांवर ढोलकीवाला, पेटीवाला, कोरस धरणाऱ्या भगिनी यांच्या घरची चार दिवसांची चूल पेटते. वाचवलेली वर्गणी याच चुलीतून काढली जाते, हे समितीने विसरू नये.

गाणे येते कुठून?

आंबेडकरी जलसा सत्यशोधक जलशाच्या वाटेने आला. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तमाशातली गवळण बाजूला सारून लोकांपुढे समाजाचा प्रश्न उभा केला. आपल्या शेजारच्या सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) मुंबईत मोलमजुरी करीत मोठेपणी अक्षरे शिकले आणि पुढे उभ्या महाराष्ट्राला भीमगीते देऊन गेले. शाहीर विठ्ठल उमप नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमातच कोसळले व गेले.

कोणी म्हणेल, वामनदादांनीही सुरुवातीला सिनेमाच्या चाली उचलल्या, मग यंत्राने उचलल्या तर बिघडले कुठे? चाल उसनी होती, हे खरे. पण अनुभव उसना नव्हता. शिवाय गाणारा माणूस लोकांसमोर उभा असे. चुकला तर म्हातारी बाईसुद्धा त्याला तोंडावर विचारी, ‘‘आरं, असं झालं नव्हतं बाबा!’’ यंत्राला असे विचारणारे कोणी नाही, आणि उत्तर देणारेही कोणी नाही.

यंत्राच्या गाण्यात निळा झेंडा असतो, सूर्य असतो, जयजयकार असतो. ते कोल्हारला चालते, तसेच कोल्हापूरलाही. पण उसाच्या फडात पाचटाने कापलेले हात घेऊन मुलाची फी भरणारी आई त्यात आपसूक येत नाही. ती कोणीतरी पाहावी लागते. जात्यावर बसलेल्या आमच्या आज्यांनी बाबासाहेबांवर, रमाईवर ओव्या रचल्या, त्या अशा पाहण्यातूनच. हेमा राईरकर व गी पॉइटव्हॅं यांनी सुरू केलेल्या कामातून महाराष्ट्रातील जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या आहेत. त्यांत या भीमओव्याही आहेत.

पंचशीलाची कसोटी

मग आम्ही ठरवायचे कसे? कसोटी आपल्या वंदनेतच आहे. चौथे शील असत्य वचनापासून दूर राहण्याचे आहे. यंत्राने केलेले गाणे आपले म्हणून गाणे, हा त्या शीलाचा भंग होय. यंत्राची मदत घेतली असेल तर माइकवरून तसे सांगावे. १९९४ च्या दुरुस्तीनंतर आपला कॉपीराइट कायदाही म्हणतो, की संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता ती निर्माण करविणारा माणूस होय. म्हणजे जबाबदारी यंत्रावर ढकलता येत नाही.

गेलेल्या माणसाचा आवाज वापरणे ही त्याहून गंभीर गोष्ट. २०२४ च्या ‘लाल सलाम’ चित्रपटात ए. आर. रहमान यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरले. पण त्यांच्या कुटुंबांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन. आणि बाबासाहेबांच्या तोंडी न बोललेले वाक्य घालणे तर कदापि चालणार नाही. त्यांचे ग्रंथ व भाषणे महाराष्ट्र शासन १९७९ पासून खंडांच्या रूपाने प्रसिद्ध करीत आले आहे. वाक्य तिथे सापडले तरच ते म्हणावे.

तेव्हा तरुणांनो, मोबाईल खाली ठेवा असे आम्ही म्हणत नाही. तो घेऊन आजीजवळ बसा. तिची ओवी तिच्या आवाजात टिपा. तिचे नाव, गाव, साल लिहा. घरच्या मुलामुलींना सांगा, यंदाच्या जयंतीला प्रत्येकाने निदान दोन ओळी स्वतःच्या लिहायच्या. यमक चुकले तरी हरकत नाही. आणि जयंतीच्या मंचावर निदान एक गाणे असे असू द्या, की ज्याचा कर्ता समोर बसलेला आहे आणि त्याच्या कष्टाचे पैसे समितीने त्याच्या हातात दिले आहेत.

जयभीम! नमो बुद्धाय!