मोटारींची उत्पादनसंख्या : कारखान्याची आणि महाडच्या रस्त्याची

१९२७ सालच्या २६ मे रोजी अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ची दीड कोटीवी मोटार कारखान्याबाहेर पडली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी ‘पद्मावती’ बोटीने मुंबईहून निघाले. धरमतरास उतरून मोटारीने महाड गाठणे हा सोयीचा मार्ग होता. परंतु तेथील बसमालक नेण्याचे नाकारतील या शंकेने मंडळी दासगाव बंदरी उतरली व उरलेले पाचएक मैल पायी चालून गेली. जगात दीड कोटी मोटारी निघालेल्या असताना एका रस्त्यावरील बसमालकांचा संभाव्य नकार परिषदेचा मार्ग बदलण्यास पुरेसा ठरला. या दोन घटनांमधील अंतर ज्यास मोजावयाचे आहे, त्याने प्रथम ‘मोटारी किती निघाल्या?’ हा एक प्रश्न फोडून घेतला पाहिजे. मोटार घडली कोठे, जोडली गेली कोठे आणि धावली कोणत्या रस्त्यावर, ही तीन ठिकाणे निरनिराळी असून प्रत्येकाची गणना निराळ्या कागदांत सापडते.

प्रथम कारखान्याची संख्या घेऊ. छापील कोष्टकांत ‘१९२८’ या वर्षापुढे जो आकडा दिसतो, तो पंचांगातील वर्षाचा आहे की कंपनीने ठरविलेल्या ‘मॉडेल-वर्षा’चा, हे पाहिल्यावाचून त्याचा उपयोग करू नये. फोर्डचेच उदाहरण पुरेसे आहे. १९२७च्या पूर्वार्धात ‘टी’चे उत्पादन थांबले, त्या वर्षीच्या शरदात ‘मॉडेल ए’चे सुरू झाले आणि डिसेंबरात ही मोटार लोकांपुढे आली ती १९२८चे मॉडेल म्हणून. म्हणजे १९२७च्या उत्पादनात दोन जातींच्या मोटारी मिसळलेल्या आहेत. शेव्हरोलेची सहा सिलिंडरांची गाडीही १९२८च्या अखेरीस अवतरली, पण ओळखली जाते १९२९ची म्हणून.

अनुक्रमांकांवरून मोजावे, तर तेथे वेगळी अडचण उभी राहते. मॉडेल टीचा अनुक्रमांक हा इंजिनाचा क्रमांक होय. मोटारीचे उत्पादन १९२७त संपले. परंतु जुन्या गाड्यांत बसविण्यासाठी तेच इंजिन १९४१पर्यंत तयार होत राहिले. शेवटच्या इंजिनाचा क्रमांक हाच मोटारींचा आकडा धरणारा अभ्यासक, कधीही न बनलेल्या लाखाहून अधिक मोटारी आपल्या पदरात पाडून घेतो!

आपल्या दृष्टीने याहूनही महत्त्वाची गोष्ट कॅनडाची आहे. १९०४त स्थापन झालेल्या फोर्डच्या कॅनडातील कंपनीस ग्रेट ब्रिटन व आयर्लंड वगळता ब्रिटिश साम्राज्याचे हक्क मिळाले होते, आणि १९२६त निघालेली भारतातील फोर्ड कंपनी ही तिचीच शाखा होती. मुंबई बंदरात उतरलेली, उजव्या हाताला चक्र असलेली फोर्ड आपण सहज ‘अमेरिकन’ म्हणतो. तिची जन्मनोंद मात्र बहुधा ऑन्टारिओ प्रांतातील असते. कॅनडाच्या मॉडेल एच्या क्रमांकामागे ‘सीए’ ही अक्षरे असतात, ती याच कारणाने. अमेरिकेतील उत्पादनाचे कोष्टक पुढ्यात घेऊन कोकणातील फोर्डगाड्यांचा विचार करणे म्हणजे एका गावच्या खानेसुमारीवरून दुसऱ्या गावची घरे मोजणे होय.

जोडणीचा प्रश्न १९२८पासून उद्भवतो. त्या वर्षी जनरल मोटर्सने मुंबईस शिवडी येथे सुट्या भागांतून मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. तो १९५४पर्यंत चालला. सुट्या भागांचा संच पाठविणारा कारखाना तो आपल्या उत्पादनात धरतो, आणि शिवडीच्या हिशेबात तीच गाडी पुन्हा ‘तयार’ होते. दोन्ही आकड्यांची बेरीज करणे हा उघड दोष आहे. तथापि तो वारंवार घडतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४त स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील गाड्यांबाबत तर नावच फसवे ठरते. क्रायस्लरच्या निर्यातीच्या ‘डॉज किंग्सवे’ आणि ‘डीसोटो डिप्लोमॅट’ या गाड्या वस्तुतः प्लिमथच्याच घडणीच्या होत्या. नावावरून त्या डॉजच्या वा डीसोटोच्या अमेरिकेतील कोष्टकात शोधणाऱ्याची निराशा ठरलेली.

कागद अपुरे असता मोजक्या अनुक्रमांकांवरून एकूण संख्या अनुमानिता येते काय? येते. दुसऱ्या महायुद्धात दोस्तराष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी हस्तगत झालेल्या जर्मन रणगाड्यांवरील क्रमांकांवरून हेच केले. १९४२च्या ऑगस्टातील मासिक उत्पादन हेरखात्याच्या मते १,५५० होते. क्रमांकांवरून ३२७ निघाले. युद्धानंतर हाती आलेल्या जर्मन दप्तरात ३४२ आढळले. रीत सोपी आहे : सर्वांत मोठ्या क्रमांकास पाहिलेल्या नगांच्या संख्येने भागावे, तो भागाकार त्याच क्रमांकात मिळवावा व एक वजा करावा. चार गाड्या पाहिल्या व सर्वांत मोठा क्रमांक ६० असला, तर अनुमान ६० अधिक १५ उणे १, म्हणजे ७४. मात्र क्रमांक एकापासून सलग असले पाहिजेत आणि पाहिलेले नग यदृच्छेने हाती आलेले असले पाहिजेत. जुन्या मोटारी यदृच्छेने टिकत नाहीत. पोलादपूरच्या पावसात उघड्यावर राहिलेली गाडी गंजून जाते, संस्थानिकाच्या पागेतील टिकते. म्हणून संग्राहकांच्या यादीस हे सूत्र लावताना हात आखडता घ्यावा.

आता रस्त्याकडे वळू. महाड व पोलादपूर हे तालुके त्या काळी कुलाबा जिल्ह्यात होते. जिल्ह्याचे रायगड हे नामांतर १९८१चे. ब्रिटिश हिंदुस्थानच्या सागरी व्यापाराच्या वार्षिक विवरणांत मोटारींची आयात देशवार दिलेली आहे, व त्यांत कॅनडाचा रकाना अमेरिकेहून वेगळा आहे. या विवरणांपासून आरंभ करावा. त्यापुढे १९१४च्या मोटार कायद्याखालील नोंदणी, मुंबईच्या पुराभिलेखागारातील जिल्ह्याची दप्तरे आणि घरोघरचे परवाने व पावत्या. या शेवटच्या साधनाबाबत विलंब परवडणारा नाही. २००५ व २०२१च्या महापुरांत महाड शहरातील घरांत व दुकानांत पाणी शिरले होते. नंतरच्या काळातील आकडे मागे ओढून १९२७वर बसवू नयेत, हेही ध्यानी घ्यावे. शिवडीचा कारखाना १९२८चा, आणि महाड-पोलादपूर मार्गावरील सावित्रीचा जो पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात कोसळला, तोही १९२८चाच. त्या एका वर्षात मोटार मिळणे आणि मोटारीने पुढे जाणे या दोन्ही गोष्टी पालटल्या.

एखाद्या गॅरेजात जुनी गाडी आढळलीच, तर ‘एम्‌एच् ०६’ची पाटी टिपून परतू नये, ती मालिका १९८९नंतरची आहे. इंजिनावरचा क्रमांक आणि चॅसिसवरचा क्रमांक दोन्ही, मागची-पुढची अक्षरे न गाळता, वेगवेगळे उतरवून घ्यावेत. फोर्ड मॉडेल एमध्ये हे दोन्ही क्रमांक मुळात एकच असत. ते जुळत नसतील, तर इंजिन कधीतरी बदललेले आहे असे समजून गणनेसाठी चॅसिसचा क्रमांक धरावा.