इंजिन घोडीवर (भाग 6)

गेल्या आठवड्यात हेड बसलं, टॅपेट सेट झाले आणि आपलं पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन पुन्हा एकसंध झालं. आता हात शिवशिवतात, लगेच गाडीत टाकावंसं वाटतं. पण फ्लायव्हीलमागून तेल झिरपतंय हे गाडीत बसवल्यावर कळलं, तर गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरवणं आलं. म्हणून इंजिन आधी घोडीवर चालवून बघायचं.

बाजारात इंजिन एका दांड्यावर धरून गोल फिरवणारी तयार घोडी मिळते. ती जोडणीसाठी उत्तम, चालवण्यासाठी निरुपयोगी. ती इंजिनाला मागच्या तोंडाला धरते आणि नेमकं तिथेच बेल हाउसिंग बसतं. बेल हाउसिंग नाही तर सेल्फ कुठे बसवणार? तेव्हा घोडी आपणच करायची, गिअरबॉक्ससकट इंजिन मावेल एवढी.

फॅब्रिकेटर म्हणेल, घरात अँगल पडलाय, त्यातच करू. ऐकू नका. अँगल वजन पेलतो, पण पिळाला लवकर शरण जातो. बंद चौकोनी पाइप त्यामानाने कितीतरी ताठ राहतो. आणि इथे प्रश्न पिळाचाच आहे. क्रँक एका दिशेने फिरतो, तेव्हा ब्लॉक उलट्या दिशेने कलंडू पाहतो. अॅक्सिलरेटरला झटका दिलात की इंजिन कसं एका अंगावर झुकतं ते बघा. 50 मिलिमीटरचा, 3 मिलिमीटर जाडीचा पाइप पुरे. पाया इंजिनापेक्षा चांगला रुंद ठेवा. इंजिन गाडीत जसं बसतं तसंच बसवा: पुढे दोन बाजूंना दोन रबरी फाउंडेशन, मागे गिअरबॉक्सखाली एक. थेट लोखंडावर बोल्ट मारलेत तर सगळी थरथर वेल्डिंगवर येईल. चाकं हवीत तर ब्रेकवाली घ्या, आणि इंजिन चालू असताना पायांना ठोकळे लावा.

पंखा वॉटर पंपाच्या पुलीवरच असल्यामुळे रेडिएटर त्याच्यासमोर, गाडीत असतो तेवढ्याच अंतरावर धरायचा. कुर्ल्याच्या भंगार बाजारात जुना रेडिएटर मिळून जातो. पद्मिनी तयार व्हायचीही कुर्ल्यातच. पंखा आणि बेल्टसमोर जाळी लावाच. बाहीचं टोक बेल्टमध्ये जायला निमिषही लागत नाही.

खरं डोकं लावायचं ते वायरिंगला. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. बॅटरीची निगेटिव्ह केबल घोडीच्या पाइपाला लावून मोकळे होऊ नका: मध्ये रबर आहे, त्यातून करंट जात नाही. मग तो अॅक्सिलरेटरच्या तारेतून नाहीतर चोकच्या केबलमधून वाट काढतो आणि ती लालबुंद होते. 25 चौरस मिलिमीटरची जाड केबल थेट ब्लॉकला, रंग खरवडून, घट्ट आवळा. कॉइलच्या पॉझिटिव्ह वायरमध्ये मोठा, हाताच्या पंजाने दाबता येईल असा स्विच घाला. तो इंजिनापासून हातभर दूर, पंख्याच्या रेषेबाहेर हवा. तो बसेपर्यंत टाकीत पेट्रोल ओतू नका.

पेट्रोलला एक लिटरची धातूची टाकी पुरते. ती सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला ठेवा. प्लास्टिकची पाण्याची बाटली टांगण्याची पद्धत आपल्याकडे फार, ती सोडाच. सायलेन्सर आवाजासाठी आणि धूर लांब नेण्यासाठी लागतोच, पण तो लावला म्हणून शटर ओढून इंजिन चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हे काम उघड्या अंगणातलं.

पॅनेलवर तापमानाचा आणि ऑइल प्रेशरचा असे दोन मीटर हवेतच. डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा फक्त हो किंवा नाही सांगतो. इंजिन तापल्यावर प्रेशर हळूहळू उतरतंय, म्हणजे बेअरिंग ढिली आहेत, हे मीटरच सांगतो. पहिल्यांदा स्टार्ट करण्याआधी प्लग काढून, कॉइलची वायर सोडून, सेल्फ थांबून थांबून मारा. काटा उठेपर्यंत प्लग परत लावायचे नाहीत.

घोडीकडून भलत्या अपेक्षाही नकोत. इंजिनावर इथे काही बोजा नसतो, त्यामुळे गळती, आवाज, प्रेशर आणि गरम होणं एवढं कळतं. नव्या रिंगा बसतात त्या रस्त्यावर, गाडी ओढताना. घोडीवर तासन्‌तास आयडलिंगला ठेवून इंजिन ‘रन-इन’ केल्याचं सांगणाऱ्या मिस्त्रीवर माझा विश्वास नाही. त्याने उलट सिलिंडर गुळगुळीत होऊन रिंगा कायमच्या तेल पिऊ लागतात. आणि बोजा नाही म्हणून रेस देण्याचा मोह होतो, तोही आवरा.

पुढच्या भागात पॉइंट आणि टायमिंग लावून चावी फिरवू. तोवर एबीसी पावडरचा अग्निशामक आणून घोडीपासून चार पावलांवर ठेवा, आणि शेजाऱ्यांना रविवारच्या आवाजाची आगाऊ कल्पना द्या.