होडी बांधायला कोण शिकवणार?

१ जून ते ३१ जुलै हे मासेमारीबंदीचे दोन महिने. पण वर्सोव्याच्या कोळीवाड्यात ते विश्रांतीचे नसतात. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. कुणी जाळी दुरुस्त करतो, कुणी इंजिन उघडून बसतो आणि एखादा सुतार-मिस्त्री कुजलेली फळी काढून नवी बसवत असतो. फळी सागाची, आतल्या बरगड्या बाभळीच्या. फळीला होडीच्या पोटासारखा बाक द्यायचा, फटींत कापूस ठासायचा, वर राळ आणि तेल चढवायचे. मिस्त्रीसमोर बहुधा कागदावरचा आराखडा नसतो. सारे मोजमाप डोळ्यांत आणि हातात.

हे शिक्षण त्याला कुठे मिळाले? बहुतेकदा बापाच्या नाहीतर काकाच्या हाताखाली. त्याला ना परीक्षा, ना प्रमाणपत्र. त्यामुळे मिस्त्रीच्या मुलाने दुसरी वाट धरली, की एका पिढीत ही विद्या संपते. तिची कुठे नोंदही उरत नाही.

वर्सोव्यात राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचे प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे मच्छिमार तरुणांना सहा महिन्यांत मासेमारी, नौकानयन आणि डिझेल इंजिनाची देखभाल शिकवतात. पोहता येणे ही प्रवेशाची अट! वादळवाऱ्यात इंजिन बंद पडले तर ते दुरुस्त करणारा माणूस होडीतच असला पाहिजे. त्यामुळे या अभ्यासक्रमाचे मोल मोठे. पण तो होडी चालवायला शिकवतो. बांधायला शिकायचे तर नजर दक्षिणेकडे, माझगावकडे वळवावी लागते.

माझगावची पहिली छोटी गोदी १७७४ सालची. माझगाव डॉक ही कंपनी १९३४ मध्ये झाली आणि १९६० मध्ये ती सरकारने घेतली. १९७२ मध्ये नौदलात दाखल झालेली ‘निलगिरी’ ही युद्धनौका येथेच बांधली गेली. या गोदीत शिकाऊ उमेदवारांची स्वतःची शाळा आहे. आठवी उत्तीर्ण, दहावी उत्तीर्ण आणि आयटीआय झालेले अशा तिघांसाठी तिची दारे वेगवेगळी. वेल्डर, पाइप फिटर, स्ट्रक्चरल फिटर, इलेक्ट्रिशियन, सुतार असे अनेक व्यवसाय तिथे शिकता येतात. ‘रिगर’ हा त्यातलाच एक. जहाजाचे अवजड भाग दोर, साखळ्या आणि क्रेनने उचलून नेमक्या जागी नेणारा तो रिगर. त्याचा अंदाज चुकला तर खालच्या माणसाच्या जिवाशी गाठ.

मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या आयटीआयमध्ये वेल्डिंग किंवा फिटिंग शिकणाऱ्या किती मुलांच्या घरी हे ठाऊक असते? जहाज म्हटले की आपल्याला पांढऱ्या गणवेशातला अधिकारी आठवतो. ते जहाज जोडणारे हात आठवत नाहीत. अर्थात एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन मिळते, पण मुदत संपल्यावर त्याच गोदीत नोकरी मिळेलच, असे कायदा सांगत नाही. हाती राहते ते कसब आणि प्रमाणपत्र.

घरातली विद्या आणि शाळेतली विद्या यांचे वैर असायलाच हवे का? मुंबईचाच इतिहास पाहा. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून इथे आले आणि त्यांच्या घराण्यात जहाजबांधणी पिढ्यान्‌पिढ्या चालली. जमशेटजी बोमनजींच्या देखरेखीखाली बांधलेले, १८१७ चे सागवानी ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. अशा घराण्याला शिकायचे काय उरले होते? पण वाफेची जहाजे आली, तेव्हा १८३८ मध्ये याच घराण्यातले जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोघे तरुण नवी विद्या शिकायला इंग्लंडला गेले. बापाची विद्या कमी लेखून ते गेले नव्हते. ती टिकावी म्हणून गेले होते.

आज लाकडाची जागा फायबर घेत आहे. वर्सोवा, मढ, गोराईच्या मिस्त्रींना वर्गात मानाने बोलावून त्यांचे मोजमाप कागदावर उतरवले आणि त्यांच्या मुलांना फायबरचे तंत्र शिकवले, तर दोन्ही विद्या वाचतील. तोवर आपण एवढे तरी करू या. पुढच्या जूनमध्ये एका रविवारी मुलांना घेऊन वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जाऊ या. होडी कशी बांधतात, हे तिथला मिस्त्री सांगेल. त्याला विचारणारा हवा.