केसाएवढा अडसर



काही वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीत घरी आला. तो तेव्हा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याने खिशातून कापसात गुंडाळलेली एक डबी काढून माझ्यासमोर ठेवली. डबीत त्याच्या संगणकाचा प्रोसेसर होता आणि शेजारी त्या प्रोसेसरचे धातूचे झाकण. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून घेतलेला तो संगणक आता सुरूच होत नव्हता. प्रोसेसर फार तापतो म्हणून त्याने दाढीच्या पात्याने झाकण कापून काढले होते. प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा कारण दिसले. पाते किंचित जास्त आत गेले होते आणि खालच्या हिरव्या पाटीवरील तांब्याची एक बारीक रेघ तुटली होती.

थोडा वेळ गप्प बसून तो म्हणाला, "सर, झाकण तर तांब्याचे आहे. तांबे उष्णतेचे उत्तम वाहक. मग ते काढल्यावर प्रोसेसर थंड का राहतो?"

मी म्हणालो, "अरे, हा प्रश्न पाते हातात घेण्यापूर्वी पडायला हवा होता!"

पण प्रश्न मोठा सुरेख आहे. चला, आज आपण त्याचेच उत्तर शोधू.

इस्त्रीपेक्षा दसपट

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो सिलिकॉनचा एक लहानसा तुकडा, म्हणजेच चिप असते. २०१२ साली बाजारात आलेला इंटेल कंपनीचा कोअर आय-सेव्हन ३७७०के हा प्रोसेसर उदाहरणासाठी घेऊ. माझ्या विद्यार्थ्याकडे हाच होता. त्यातील चिपचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौ. मि.मी., म्हणजे जेमतेम १.६ चौ. से.मी. आहे. तो ७७ वॅट उष्णता बाहेर टाकेल असे धरून त्याची थंड करण्याची व्यवस्था आखतात.

आता ७७ ला १.६ ने भागा. दर चौ. से.मी. मागे सुमारे ४८ वॅट! घरातील ७५० वॅटच्या इस्त्रीचा तळ साधारण १५० चौ. से.मी. असतो, म्हणजे तेथे हा आकडा अवघा ५ येतो. इस्त्रीच्या जवळजवळ दसपट उष्णता ही चिमुकली चिप दर चौ. से.मी. मधून बाहेर टाकत असते. ही उष्णता वेळेवर निघून गेली नाही आणि तापमान शंभर अंशांच्या आसपास पोहोचले, तर प्रोसेसर स्वतःचा बचाव करण्यासाठी आपला वेग कमी करतो.

म्हणून चिपवर तांब्याचे, निकेलचा मुलामा दिलेले झाकण बसवतात. त्यावर पातळ पत्र्यांच्या अनेक पात्यांचा हीट सिंक आणि त्यावर पंखा. झाकणाची कामे दोन. पहिले, ठिसूळ सिलिकॉनचे रक्षण करणे. २००० सालच्या सुमारास काही प्रोसेसर उघड्या चिपचेच मिळत आणि हीट सिंक वाकडातिकडा दाबला गेला की चिपचा कोपरा उडत असे. दुसरे काम म्हणजे लहान जागेतील उष्णता मोठ्या जागेवर पसरवणे. झाकण सुमारे ३ से.मी. लांब-रुंद, म्हणजे ९ चौ. से.मी. असते. चिपच्या पाचपटींहून अधिक!

झाकण परत जागेवर!

झाकण काढण्याचा हा उद्योग जगभरच्या हौशी तंत्रज्ञांनी २०१२ नंतर मोठ्या प्रमाणावर केला. कोणी पात्याने, कोणी शेगड्यात धरून, तर कोणी त्यासाठी मुद्दाम बनवलेल्या साधनाने. अनेकांचे तापमान १० ते २० अंशांनी उतरले. गंमत अशी की, त्यांतील बहुतेकांनी आतली सफाई करून ते झाकण परत जागेवर ठेवले. झाकण पुन्हा बसवूनही तापमान कमीच राहिले! म्हणजे झाकण तर निर्दोष सुटले. मग दोष कोणाचा?

चिप आणि झाकण यांच्यामध्ये एक पातळ थर असतो. २०११ सालच्या आधीच्या पिढीत तेथे धातूचा डाख होता. २०१२ च्या पिढीत डाखाऐवजी राखाडी रंगाचा उष्णतावाहक लेप आला. झाकणाच्या कडा काळ्या गोंदाने चिकटवलेल्या असत. या गोंदाची जाडी झाकणाला किंचित वर उचलून धरी. त्यामुळे चिप आणि झाकण यांमधील लेपाचा थर हवा त्यापेक्षा जाड होई.

इतक्याशा थराने काय बिघडते, असे तुम्हांला वाटेल. त्यासाठी फ्रेंच गणिती जोसेफ फूरिए याच्याकडे जाऊ. त्याने १८२२ साली उष्णतेवरील आपल्या ग्रंथात उष्णतावहनाचा नियम मांडला. तो आपण असा लिहू:

तापमानातील फरक = (दर सेकंदाची उष्णता × थराची जाडी) ÷ (वाहकता × क्षेत्रफळ)

वाहकतेचे आकडे वॅट, मीटर आणि अंश या एककांत घेऊ. तांब्याची वाहकता सुमारे ४००, सामान्य लेपाची साधारण ५ आणि हवेची फक्त ०.०२६.

समजा, लेपाचा थर ०.१ मि.मी. जाडीचा, म्हणजे डोक्याच्या जाड केसाएवढा आहे.

लेपासाठी: ७७ × ०.०००१ ÷ (५ × ०.०००१६) = ९.६ अंश.

आता तांब्याचे झाकण २ मि.मी. जाड धरू. उष्णता त्यात मुळीच पसरत नाही असे मानले, तरी:

झाकणासाठी: ७७ × ०.००२ ÷ (४०० × ०.०००१६) = २.४ अंश.

पाहिलेत? झाकण लेपाच्या वीसपट जाड, पण त्याचा अडथळा लेपाच्या एक चतुर्थांश!

आणखी एक गंमत पाहा. झाकणाच्या वर, हीट सिंकच्या खाली, असाच लेप लावतात. तोही ०.१ मि.मी. चा धरू आणि उष्णता ९ चौ. से.मी. वर सारखी पसरली असे मानू. मग तेथील फरक फक्त १.७ अंश येतो. तोच लेप, तीच जाडी, पण खालच्या अरुंद वाटेत मात्र तो भारी पडतो.

प्रत्यक्षात चिपचे सर्व भाग सारखे तापत नाहीत. काही भागांतून उष्णता अधिक दाटीने निघते, तेथे फरक आणखी वाढतो. हौशी लोक तर प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवतात. उष्णता दीडपट झाली की फरकही दीडपट होतो. म्हणूनच त्यांना झाकणाखालची दुरुस्ती एवढी फायद्याची ठरली. त्यांनी जुना गोंद खरवडून थर पातळ केला आणि लेपाच्या जागी गॅलियम, इंडियम व कथील यांचा घरच्या तापमानाला द्रव राहणारा मिश्रधातू लावला.

मग डाख का सोडला?

शिक्षकांना वर्गात चर्चेला घेता येईल असा हा प्रश्न आहे. डाखाने जोडलेल्या दोन वस्तू एकमेकींना घट्ट धरून ठेवतात. पण एका अंशाने तापले की तांबे सिलिकॉनच्या सुमारे सहापट प्रसरण पावते. प्रोसेसर दिवसातून अनेकदा तापतो आणि निवतो. या ओढाताणीत जोडाला तडे जाऊ शकतात. यासाठी इंडियमसारखा मऊ धातू वापरावा लागतो आणि तो सिलिकॉनला धरावा म्हणून पृष्ठभागावर खास थर द्यावे लागतात. लेपाचे काम सोपे आणि स्वस्त. पुढे २०१८ साली त्याच कंपनीच्या नवव्या पिढीतील वरच्या दर्जाच्या प्रोसेसरमध्ये डाख परत आला.

झाकण काढण्यातील धोकेही समजून घ्या. आत डाख असेल तर झाकणाबरोबर चिपच तुटून निघू शकते. द्रव मिश्रधातू विजेचा वाहक आहे. त्याचा एक थेंब शेजारच्या सूक्ष्म भागांवर सांडला तर सारे संपले. गॅलियम ॲल्युमिनियमला पोखरून ठिसूळ करते, म्हणून ॲल्युमिनियमच्या हीट सिंकला ते लावता येत नाही. कंपनीची हमी तर पहिल्याच क्षणी जाते. तेव्हा हे धाडस तुम्ही करू नका. संगणक तापत असेल तर आधी मोठ्यांच्या मदतीने, तो बंद करून, पंख्यात साचलेली धूळ काढा. हीट सिंकखालचा वाळलेला लेप जाणकाराकडून बदलून घ्या. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते.

करून पाहा

सपाट बुडाच्या दोन सारख्या वाट्या आणि दोन सारख्या स्टीलच्या ताटल्या घ्या. एक ताटली कोरडी ठेवा. दुसरीच्या मध्यावर चमचाभर गार पाणी घाला. दोन्हींवर एकेक वाटी ठेवून त्यांत सारखेच गरम पाणी ओता. पाणी उकळते नको, हाताला सोसेल असे असावे. आता ताटल्यांच्या खालून बोट लावून पाहा. कोणती आधी तापते? वाटीचे बूड कितीही सपाट दिसले, तरी त्याखाली हवेची फट असतेच. पाणी ती भरून काढते आणि पाण्याची वाहकता हवेच्या वीसपटींहून अधिक आहे. आपल्या लेपाचे कामही नेमके हेच: हवेला हुसकून लावणे. तो जितका पातळ, तितका चांगला.

माझ्या विद्यार्थ्याने तो निकामी प्रोसेसर आमच्या प्रयोगशाळेला देऊन टाकला. दरवर्षी उष्णतावहनाचा धडा आला की मी तो वर्गात फिरवतो. त्यानंतर मुलांना जे गणित घालतो, तेच तुम्हांलाही घालतो. वरच्या उदाहरणात ०.१ मि.मी. जाडीच्या लेपाऐवजी तेवढ्याच जाडीचा इंडियमचा डाख असता, तर तापमानातील फरक किती आला असता? इंडियमची वाहकता ८२ धरा. उत्तर काढा, शिक्षकांना दाखवा आणि मग सांगा, त्या केसाएवढ्या थराला क्षुल्लक म्हणायचे का?