एका शब्दासाठी अकरा वर्षे

२६ जुलै १८५८ चा दिवस. लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये पन्नाशीला आलेले एक पेढीवाले शपथविधीसाठी उभे राहिले. सभागृहाच्या रिवाजाप्रमाणे शपथ उघड्या मस्तकाने घ्यावयाची असे. त्यांनी मात्र स्वधर्माच्या रीतीने मस्तक झाकलेले ठेवले, हिब्रू धर्मग्रंथ साक्षीला घेऊन शपथ उच्चारली आणि ते आपल्या आसनावर जाऊन बसले. विधी काही क्षणांचा होता. पण त्यासाठी लायोनेल डी रॉथशील्ड यांना ११ वर्षे थांबावे लागले होते आणि मतदारांना त्यांना ५ वेळा निवडून द्यावे लागले होते.

रॉथशील्ड हे ज्यू धर्मीय होते. वडिलांच्या मागे, १८३६ पासून, लंडनमधील पेढीची धुरा त्यांच्या खांद्यावर आली. आयर्लंडमधील दुष्काळात मदतकार्यासाठी सरकारने उभारलेल्या ८० लाख पौंडांच्या कर्जात या पेढीचा वाटा होता. त्याच वर्षी, म्हणजे १८४७ मध्ये, सिटी ऑफ लंडन या मतदारसंघाने त्यांना निवडून दिले. पेढ्या, विमा आणि सागरी व्यापार यांचे हे माहेरघर. येथून ४ प्रतिनिधी निवडले जात आणि त्या वर्षी पंतप्रधान लॉर्ड जॉन रसेल हेही त्यांपैकीच एक होते. मतदार बहुतांशी ख्रिस्ती. तरीही त्यांनी एका ज्यू गृहस्थावर विश्वास टाकला.

अडसर होता तो शपथेत. जुन्या राजकीय वैरांतून चालत आलेल्या त्या शपथेच्या अखेरीस, आपण हे ‘खऱ्या ख्रिस्ती श्रद्धेने’ बोलत आहोत, असे म्हणावे लागे. हे शब्द उच्चारल्यावाचून सभागृहात बसता येत नसे. ज्यांची सही सरकारला लाखो पौंडांसाठी चालत होती, त्यांची शपथ मात्र चालत नव्हती.

रॉथशील्ड ते शब्द ओठांवर आणून मोकळे होऊ शकले असते. त्यांनी तसे केले नाही. जुलै १८५० मध्ये ते सभागृहात गेले. जुन्या करारावर हात ठेवून त्यांनी शपथेचा इतर सर्व भाग म्हटला; मात्र त्या शब्दांपाशी येताच, हे माझ्या विवेकाला बंधनकारक नाहीत म्हणून मी ते गाळतो, असे स्पष्ट सांगितले. त्यांना बाहेर जाण्यास फर्माविण्यात आले. पुढच्याच वर्षी डेव्हिड सॉलोमन्स या दुसऱ्या ज्यू प्रतिनिधीने ते शब्द गाळून आसन ग्रहण केले आणि मतदानही केले. त्याबद्दल त्यांना ५०० पौंडांचा दंड झाला.

कायदा बदलण्याचे प्रयत्न चालूच होते. कॉमन्सने विधेयक मंजूर करावे आणि लॉर्ड्सच्या सभागृहाने ते फेटाळावे, असे वारंवार घडले. १८४९ मध्ये विधेयक पुन्हा फेटाळले गेले तेव्हा रॉथशील्ड यांनी राजीनामा दिला आणि नव्याने कौल मागितला. मतदारांनी त्यांना मोठ्या मताधिक्याने परत पाठविले. १८५२ मध्ये आणि १८५७ मध्ये दोनदा तेच झाले. आपला प्रतिनिधी सभागृहात बसू शकणार नाही हे ठाऊक असूनही त्यांनी त्यालाच मत दिले. दार उघडले ते या चिकाटीने. अखेर १८५८ मध्ये तडजोड झाली: प्रत्येक सभागृहाने आपल्यापुरते ते शब्द गाळण्याची मुभा द्यावी. १८६६ मध्ये सर्वांसाठी एकच शपथ ठरली आणि ख्रिस्ती श्रद्धेचा उल्लेख कायमचा गळाला. १८८५ मध्ये तर रॉथशील्ड यांचे पुत्र नेथन यांनी, एकेकाळी विधेयके फेटाळणाऱ्या त्याच लॉर्ड्सच्या सभागृहात आसन ग्रहण केले.

या लढ्याच्या अखेरच्या वर्षांत मुंबईहून गेलेला एक पारशी तरुण लंडनमध्ये व्यापार करीत होता. त्याचे नाव दादाभाई नौरोजी. एल्फिन्स्टन महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी सोडून १८५५ मध्ये ते कामा आणि कंपनीत भागीदार म्हणून तेथे गेले होते. अफू आणि मद्य यांच्या व्यापारातील नफा मनाला न पटल्याने त्यांनी ती भागीदारी सोडली आणि १८५९ मध्ये कापसाच्या व्यापाराची स्वतंत्र पेढी काढली.

पुढे दादाभाईंनी पार्लमेंटची निवडणूक लढविली. १८८६ मध्ये होबर्न येथे त्यांचा पराभव झाला. इंग्रज मतदार ‘काळ्या माणसाला’ निवडून देणार नाहीत, अशा आशयाचे उद्गार पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनी १८८८ मध्ये काढले. त्याला सेंट्रल फिन्सबरीच्या मतदारांनी १८९२ मध्ये उत्तर दिले. दादाभाई अवघ्या काही मतांनी विजयी झाले. अंतर अगदी थोडे, पण तेवढे पुरले. दादाभाईंनी शपथ घेतली ती अवेस्ता साक्षीला घेऊन. वेगळा धर्मग्रंथ हाती घेतल्याबद्दल आता कोणी त्यांना बाहेर काढणार नव्हते.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने हा प्रश्न आरंभीच सोडविला. निवडून आलेल्या सदस्याने ईश्वराला स्मरून शपथ घ्यावी किंवा केवळ गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी; निवड त्याची. कोणत्याही एका धर्माचे नाव तेथे नाही. संख्येने लहान असलेल्या समाजांना हे सहज मिळाल्यासारखे वाटते. परंतु त्यामागे पूर्वसूरींचा असा लढा आहे.

व्यापारात माणसाची पारख त्याच्या शब्दावरून होते. जो शब्द मनापासून उच्चारता येणार नाही, तो रॉथशील्ड यांनी ११ वर्षे उच्चारला नाही. आणि म्हणूनच त्यांचा शब्द विश्वासार्ह आहे, हे त्यांच्या मतदारांनी ओळखले. मतदान करताना उमेदवाराचे कुळ आणि पंथ पाहण्याचा मोह आजही सुटलेला नाही. अशा वेळी त्या मतदारांची पारख आपल्याजवळ आहे का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.