कपाटातले दस्तरख्वान

शनिशिंगणापूर म्हटले की लोकांना दारे नसलेली घरे आठवतात. चौकट आहे, पण दार नाही, कुलूप नाही. 2011 मध्ये इथे बँकेची शाखा निघाली, तीही बिनकुलपाची म्हणून गाजली. पण चोराची भीती नसलेल्या गावातही घरातून एक गोष्ट गुपचूप निघून जाते, ती म्हणजे जेवणाची चव. हाताला चव असलेली दादी किंवा नानी अल्लाहला प्यारी होते आणि तिचा दालचा पुन्हा तसा होत नाही. घरात स्वयंपाकाची पुस्तके जमवावीत असे मला वाटते, ते यासाठी.

हा छंद महागही नाही. रद्दीच्या दुकानात, तालुक्याच्या गावी भरणाऱ्या पुस्तक प्रदर्शनात, जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात ही पुस्तके सापडतात. कुकरच्या खोक्यातून आलेली पातळ पुस्तिकाही जपण्यासारखी असते. जुन्या पुस्तकाच्या पानावर तेलाचा डाग असतो, समासात कुणीतरी लिहिलेले असते, ‘मीठ कमी घालावे.’ कोणते पान घरात खरोखर वापरले गेले, ते त्यावरून कळते. मापेही बोलकी असतात. जुन्या पुस्तकांत शेर आणि छटाक भेटतात. 80 तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे 933 ग्रॅम, आणि त्याचा सोळावा भाग छटाक. मुलांना गणित शिकवायला याहून चविष्ट उदाहरण मिळणार नाही!

मराठीत ही परंपरा जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ 1875 चे. लक्ष्मीबाई धुरंधर यांनी 1910 मध्ये ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ लिहिले. 1970 मध्ये कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले आणि घराघरांत पोहोचले. कमलाबाईंचे शालेय शिक्षण जेमतेम चौथीपर्यंतचे. पण वाटी-चमच्याचे माप देऊन त्यांनी नवशिक्या मुलीची भीती घालवली. शिक्षिका म्हणून मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. जे हाताला येते ते दुसऱ्याला समजेल असे सांगणे, हीच तर शिकवण्याची कला आहे.

आपल्याकडेही पदार्थ लिहून ठेवण्याची रीत नवी नाही. बगदादमध्ये 1226 साली मुहम्मद अल-बगदादी यांनी ‘किताब अल-तबीख’ लिहिली. माळव्यातील मांडूच्या सुलतानांच्या दरबारात पंधराव्या शतकाच्या अखेरीस ‘निअमतनामा’ तयार झाला, तोही चित्रांसह. अबुल फजल यांच्या ‘आईन-ए-अकबरी’त पदार्थांची वजनेही दिली आहेत. तिथल्या खिचडीत तांदूळ, मूगडाळ आणि तूप, तिन्ही पाच-पाच शेर! आज एवढे तूप परवडणार नाही आणि डॉक्टरही खाऊ देणार नाहीत.

पण हे झाले सुलतान-बादशहांचे. महाराष्ट्राच्या खेड्यातल्या मुसलमान घराचे काय? आपल्या चुलीवर बाजरीची भाकरी आणि ठेचाही होतो, ईदला शीरखुर्माही होतो. मोहरममध्ये चोंगे आणि खिचडा होतो. कोकणातल्या आपल्या बहिणी सांदण करतात. लोकप्रिय मराठी पाकपुस्तकांची रांग लावून पाहा, हे घर त्यांत क्वचितच दिसेल. बिर्याणी आणि कबाब असतात, पण ते हॉटेलातले वाटतात.

तक्रार करून ही जागा भरणार नाही. शाहू पाटोळे यांनी 2015 मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातील दलित घरांतले जेवण पुस्तकात आणले. ते आधी कुणी लिहीत नव्हते, म्हणून त्यांनी लिहिले. पुढे त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले. आपल्यासाठी हा धडा सरळ आहे.

आपल्यापुढे आणखी एक अडचण आहे, लिपीची. अनेक घरांत अम्मीची किंवा खालाची वही उर्दूत लिहिलेली असते. नातवंडे मराठी नाहीतर इंग्रजी शाळेत जातात. ती घरात दखनी बोलतात, पण उर्दू वाचू शकत नाहीत. उद्या ती वही त्यांच्या हाती आली, तर त्यांना ती फक्त आठवण म्हणून ठेवता येईल, तिच्यावरून स्वयंपाक करता येणार नाही. म्हणून ज्यांना दोन्ही लिप्या येतात त्यांनी आजच हे काम हाती घ्यावे. शब्द बदलू नयेत. अम्मी ‘प्याज’ म्हणत असेल तर देवनागरीतही ‘प्याज’च लिहावे, ‘सालन’चे ‘रस्सा’ करू नये.

आणि जिथे वहीच नाही, सगळे अंदाजपंचे चालते, तिथे? त्यासाठी एक सोपा मार्ग आहे. दादी स्वयंपाकाला बसली की शेजारी वाटी, चमचा आणि कागद घेऊन बसावे. तिने मूठभर डाळ घेतली की भांड्यात जाण्याआधी ती वाटीने मोजून घ्यावी. चिमूट असेल तर चमच्यावर पाहावी. ‘भाजून घे’ म्हणाली तर कोणत्या रंगापर्यंत, ते विचारावे. पदार्थ कोणत्या दिवशी होतो, किती माणसांना पुरतो, तिला तो कुणी शिकवला, हेही लिहावे. शेवटी तारीख घालावी. दुसऱ्या वेळी त्या कागदावरून घरातल्या मुलीने आणि मुलानेही तो पदार्थ करून पाहावा. चाखून ‘बराबर’ किंवा ‘मीठ कम है’ हे दादीनेच सांगावे. जे चुकेल ते वहीतच दुरुस्त करावे.

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, येत्या सुटीत एवढे करा. महिन्याला दोन पदार्थ लिहिले, तरी वर्षाला चोवीस होतात. ‘रुचिरा’च्या शेजारी कपाटात ही वही ठेवा. घरात लग्न झाले की तिची एक प्रत नव्या जोडप्याला द्या, आणि शेजारीण मागायला आली तर तिलाही खुशाल उतरवून घेऊ द्या.